घराण्याचं अपेंडिक्स

खरं सांगायचं तर हे प्रकरण लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. घराण्याची गोष्ट म्हटली की लग्नं येतात, भांडणं येतात, वाटणी येते, कोण कुणाशी किती वर्षं बोललं नाही ते येतं. बायकांच्या पोटात काय आहे आणि काय नाही, हे कुणी लिहीत बसत नाही. टाईप केलं, पुसलं. परत टाईप केलं, परत पुसलं. पण मग वाटलं, हे गाळलं तर म्हातारा पुढे एवढा मवाळ कसा झाला हे कुणाला कळणारच नाही. सगळे म्हणतील, वय झालं. वय बिय काही नाही. त्या दुपारी जे झालं त्याने झाला.

तर, सुट्टीचा दिवस. भंगाराच्या गोडाऊनचं शटर अर्धं खाली. आणि आत म्हातारा बोंबलतोय.

"तांबं बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता!"

म्हाताऱ्याला सगळी गल्ली 'चुंबक' म्हणायची. जुन्या लाऊडस्पीकरातलं गोल चुंबक सुतळीला बांधून तो खिशात ठेवायचा, आणि दिसेल त्या वस्तूला लावून बघायचा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पुढचा विचार. धाकट्याचं लग्न ठरवायला गेला तेव्हा व्याह्यांनी चहाचा ट्रे पुढे केला, तर याने कप उचलायच्या आधी ट्रेला चुंबक लावलं. व्याही अजून ते विसरलेले नाहीत.

"बाबा, कसलं तांबं?" धाकट्याने विचारलं. तो कोपऱ्यात पाट्यावर बसून ब्लेडने वायर सोलत होता. थोरले दोघे वाटणीनंतर वेगळे झाले, तेव्हापासून सोलायचं काम याच्या एकट्याच्या बोटांवर आलं होतं.

"मला विचारतोस कसलं तांबं? मोटारीतून काढलेली गुंडाळी गोणीत नाही. का नाही? आणि आज सकाळी पार्टिशनच्या पलीकडून मी माझ्या कानांनी ऐकलं. सूनबाई तुला सांगत होती, 'तांबं आत आहे, कुणाला बोलू नका.'"

धाकट्याच्या हातातलं ब्लेड थांबलं.

आयुष्यभर पत्रे आपटून आपटून म्हाताऱ्याचे कान गेले होते. धाकट्याची बायको 'तांबं' म्हणाली नव्हती. 'तांबी' म्हणाली होती. आणि ती कुठल्या गोणीत नव्हती.

म्हाताऱ्याने चोरीचा मामला म्हणून पंचायतच बोलावली. पंच म्हणून त्याची थोरली बहीण, आक्का. या घरातली सगळी भांडणं तीच मिटवायची. वाटणीच्या वेळी वजनकाटा कुणाचा यावरून हाणामारी व्हायची वेळ आली तेव्हा, "काट्यावर जो बसेल त्याच्याकडे काटा राहील," असं म्हणून ती स्वतःच काट्यावर बसली होती आणि संध्याकाळपर्यंत उठली नव्हती. आजही येऊन सरळ काट्यावरच बसली. आरोपी म्हणून धाकट्याचा दोस्त, टेम्पोवाला. त्याचं नाव 'क्लच'. कारण हा बोलायला सुरुवात करायचा, घरघर करायचा, पण गिअर काही पडायचा नाही. सकाळपासून तो धाकट्याच्या मागे होता. "अरे, तुझ्याशी एक... म्हणजे काम असं नाही, पण..." आणि पुढे काही नाही.

"माल तुझ्या टेम्पोतून बाहेर जातो," म्हातारा त्याला म्हणाला. "म्हणजे तुला माहीत असणार."

"काका, आईशप्पथ, मी फक्त गाडी चालवतो. मागे काय आहे ते मी बघतसुद्धा नाही."

"बघत नाहीस म्हणूनच पोलिसांनी दोनदा थांबवलं तुला!"

धाकटा वायरीकडे बघत राहिला. डोक्यात हॉस्पिटल फिरत होतं.

पहिली नीट बोलायला लागायच्या आत दुसरा. दुसरा नीट चालायला लागायच्या आत ही तिसरी. त्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी. बायको कड्यावर झोपल्यासारखी एका अंगावर. तपासणीच्या वेळीच सिस्टरनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं, विचार करून ठेव म्हणाल्या होत्या. बाळ झाल्यावर त्यांनी परत विचारलं. "मग? तांबी बसवायची ना? आत्ताच बसवते, परत वेगळी खेप नको." तेव्हा धाकटा खाली चहा आणायला गेला होता. वर आला तोवर बसवून झाली होती.

"अहो, मी तांबी बसवून घेतली," ती म्हणाली.

"बरं केलंस," तो म्हणाला.

"खरंच?"

"खरंच. बरं केलंस."

तिने चहा घेतला. मग म्हणाली, "घरी कधी ना कधी विषय निघणार. बाबा चिडणार. तेव्हा त्यांच्यासमोर एवढंच म्हणायचं. बरं केलं. लांबण लावायची नाही, भांडायचं नाही. दोन शब्द. म्हणाल ना? नाहीतर ते काढायला लावतील, आणि पुढच्या वर्षी मी परत याच खाटेवर."

म्हणेन म्हणाला होता. हॉस्पिटलात काय, माणूस काहीही म्हणतो.

"काय रे, वाचा गेली?" आक्काने काट्यावरून विचारलं. "घेतलं असेल तर सांगून टाक. तुझा बाप आहे, काही फाशी देत नाही."

तेवढ्यात बायकोच बाहेर आली. कडेवर तान्ही. तिने सासऱ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाबा, उगाच कुणावर आळ घेऊ नका. ते तांबं माझ्याकडे आहे."

म्हातारा गारच पडला. सूनबाईवर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता. "तुझ्याकडे? कुठे?"

"पोटात."

क्लचच्या तोंडातून नुसती हवा गेली.

"गिळलंस?" आक्का ओरडली.

"किती?" म्हाताऱ्याने विचारलं. सवयीने.

"गिळलं नाही हो. बसवलंय. हॉस्पिटलात. लगेच परत दिवस राहू नयेत म्हणून. तांबी म्हणतात तिला."

मग सगळ्यात आधी आक्काला कंठ फुटला.

"अगं बाई! आणि या घरात दिवसभर चुंबक फिरतंय! एखाद्या दिवशी ओढलं गेलं म्हणजे?"

"तांबं चुंबकाला चिकटतं का कधी?" म्हातारा तिच्यावरच उखडला. "भंगारवाल्याची बहीण ना तू? एवढं कळत नाही?" आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चिडायचंय ते दुसऱ्याच कुणावर. "पण ते राहू दे! विचारलं कुणाला? थोरले गेले, गोडाऊन ओस पडलंय. उद्या या गोण्या कोण उचलणार? मी म्हणत होतो, चार-पाच नातवंडं झाली की परत हात वाढतील..."

"बाबा, तुम्ही नातवंडं मोजताय का हमाल?"

"उलट बोलू नकोस! उद्या जायचं आणि काढून यायचं. हे मी सांगतोय."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं.

हाच तो क्षण. दोन शब्द. धाकट्याने तोंड उघडलं. समोर बाप, बापाच्या हातात सुतळी, सुतळीला चुंबक, आणि ते गोल गोल फिरतंय.

"मी..." धाकटा म्हणाला. "मी... चहा टाकतो."

आणि आत पळाला.

स्वयंपाकघर म्हणजे पार्टिशनच्या मागची एक पट्टी. स्टो, माठ, खिळ्याला टांगलेली भांडी. त्याने पातेलं घेतलं आणि त्यात पाणी ओतत राहिला, भरून वाहीपर्यंत. काय माणूस आहेस तू, असं स्वतःलाच म्हणाला. वायर सोलता येते, तोंड नाही उघडता येत.

मागोमाग आई आली. सुनेच्या दंडाला धरून. पंचायत सुरू झाल्यापासून आई एक शब्द बोलली नव्हती, भिंतीला टेकून मोटारीचे स्क्रू काढत होती. आता तिने तोंड उघडलं, पण कुजबुजत.

"तुला अक्कल आहे का गं? पोटात तांबं म्हणून ओरडायचं?"

"मग काय म्हणू आई? खोटं बोलू?"

"अपेंडिक्स म्हणायचं!"

"काय?"

"अपेंडिक्स! या घरात अपेंडिक्स म्हणतात त्याला. इतकी वर्षं म्हणतोय आम्ही. एकदा हॉस्पिटलात जाऊन यायचं, चेहरा पाडायचा, महिनाभर कळशी उचलायची नाही, आणि विचारलं की अपेंडिक्स. विषय संपला. पुरुष पुढे विचारत नाहीत. तू थोडी आधी बोलली असतीस माझ्याशी, तर मी शिकवलं असतं ना!"

बायको बघत राहिली. "म्हणजे तुमचं..."

"माझं कसलं आलंय अपेंडिक्स! ते आहे तिथे आहे. नसबंदी केली मी. बायकांची असते ती." मग आईला स्टोपाशी उभा असलेला मुलगा दिसला. दोन क्षण ती गोंधळली. मग हात झटकून म्हणाली, "ऐकलंस तर ऐकलंस. तू झालास ना, तेव्हाच केली. तुला बघितलं आणि म्हटलं, आता पुरे."

"आई!"

"ओरडू नकोस. आक्कांनीच नेलं होतं मला. त्यांचंही तेच."

धाकट्याला हसू यावं की रडू, कळेना. लहानपणापासून तो ऐकत आला होता. आईला जड उचलू देऊ नका, तिचं अपेंडिक्स कापलंय. आक्काला पायऱ्या चढायला लावू नका, तिचं अपेंडिक्स झालंय. बाबांनी तर एकदा शाळेत मास्तरांना सांगितलं होतं, याला पळायला लावू नका, आमच्या घराण्यात अपेंडिक्स नाजूक. धाकटा चार वर्षं खेळाच्या तासाला झाडाखाली बसून होता.

"मग तुम्ही बाहेर का नाही बोललात?" बायकोने विचारलं. राग नव्हता, पण आवाजाला धार होती. "ते काढून आण म्हणाले, आणि तुम्ही स्क्रू काढत बसलात."

आईने चहाची पूड जरा जास्तच टाकली.

चहा घेऊन तिघं बाहेर आली. म्हाताऱ्याचं भाषण तोवर रंगात आलं होतं.

"हिच्याकडे बघा!" त्याने स्वतःच्या बायकोकडे बोट केलं. "हिला नव्हता त्रास? तीन पोरं, आणि वर अपेंडिक्स! पोट फाडलं हिचं. त्यानंतर देवाने काही दिलं नाही, तरी तक्रार केली का आम्ही? हिने असलं काही बसवून घेतलं का? नाही! सोसलं!"

आईने कप ठेवला. आक्काने एकदम नखं बघायला घेतली.

"आणि साधंसुधं ऑपरेशन नव्हतं ते," म्हातारा क्लचला सांगायला लागला, कारण बाकीचे कुणी बघत नव्हते. "इथे, बरोबर मधोमध. बेंबीखाली."

"मधोमध?" क्लच म्हणाला. गरम चहा त्याच्या तोंडात होता, तो गिळून म्हणाला, "काका, अपेंडिक्स उजवीकडे असतं ना? माझ्या भावाला मीच टेम्पोत घालून नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उजवीकडेच असतं. सगळ्यांचं."

"असेल तुमच्यात. आमच्या घराण्यात मधे असतं. आक्काचंपण मधेच आहे. काय गं आक्का?"

आक्काला अचानक खोकला आला.

क्लच वाईट माणूस नव्हता. फक्त एकदा का त्याचा गिअर पडला की ब्रेक लागायचा नाही. तो विचार करत करत म्हणाला, "आक्कांचं ठीक आहे, त्या तुमच्या घराण्यातल्या. पण काकू तर... काकू लग्न करून आल्यात ना? मग काकूंचं मधे कसं?"

चुंबक फिरायचं थांबलं.

म्हाताऱ्याने बायकोकडे बघितलं. मग बहिणीकडे. मग परत बायकोकडे. पितळ म्हणून घेतलेली मूर्ती घासल्यावर आतून लोखंड निघावं, तसा त्याचा चेहरा झाला. आक्काने सुटकेसाठी काट्यावरून उठायचा प्रयत्न केला, पण काटा हलला आणि ती परत खाली बसली.

"अहो," आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "अपेंडिक्स नव्हतं ते."

"मग काय होतं?"

"हिची तांबी आहे ना. तिची मोठी बहीण."

धाकट्याच्या बायकोने हसू लपवायला तान्हीच्या अंगावरच्या दुपट्यात तोंड घातलं.

"म्हणजे इतकी वर्षं..." म्हातारा म्हणाला. "इतकी वर्षं मी तुला भरलेली कळशी उचलू दिली नाही. पहाटे उठून मी पाणी भरत होतो. थंडीत! कंबरेत लचक भरली तरी!"

"तेवढं एक फार बरं झालं," आई म्हणाली.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर हो म्हणाला असतात?"

म्हातारा हो म्हणायला गेला. सगळ्यांनी बघितलं, त्याचे ओठ हो म्हणायला हलले. पण कितीही झालं तरी माणूस वजनाचा होता, काट्यात कधी खोट केली नव्हती त्याने. चुंबक खिशात घातलं.

"नसतो म्हणालो," तो म्हणाला.

"मग?"

तो पालथ्या डब्यावर जाऊन बसला. धाकट्याने बापाला असं कधी बघितलं नव्हतं. चिडलेला बघितला होता, दमलेला बघितला होता, वाटणीच्या दिवशी रडलेला बघितला होता. पण असा, आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसलेला, कधीच नाही.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला गंडवलं," म्हातारा म्हणाला. "बायकोने. बहिणीने. सुनेने." मग मान वर केली. "आणि तू? तुला माहीत होतं हे? का तुलापण अपेंडिक्सच सांगितलं?"

आता सगळे धाकट्याकडे बघायला लागले. आई, आक्का, क्लच. बायको सोडून. बायको तान्हीची टोपी सरळ करत होती. टोपी सरळच होती.

सुटायला किती सोपं होतं! नाही म्हणायचं. मलाही फसवलं म्हणायचं आणि बापाशेजारी दुसऱ्या डब्यावर जाऊन बसायचं. फसलेल्या पुरुषांची जोडी झाली असती. शेजारचा डबा रिकामाच होता.

"माहीत होतं," धाकटा म्हणाला. "हॉस्पिटलातच सांगितलं तिने. मी म्हणालो..."

"काय म्हणालास?"

"बरं केलं."

आवाज जरा चिरकला. म्हणून त्याने परत म्हटलं, नीट. "बरं केलं. काढायची नाही. तीन पोरं आहेत, त्यांना आधी वाढवू. आणि ती गोण्या उचलायला नाहीत." आता सुटलाच होता, तर आईकडे बघून म्हणाला, "तूपण बरं केलंस. फक्त मला बघून केलंस म्हणालीस, ते जरा लागलं."

आई आधी हसली. मग आक्का, मग सगळेच. आक्का एवढी हसली की काट्याचा काटा इकडून तिकडे नाचायला लागला. बायकोने वर बघितलं नाही, पण चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. स्वतःचा. अर्धा उरलेला.

म्हातारा हसला नाही. मग, कुणाकडे न बघता, "सूनबाई."

"काय बाबा?"

"तांबं ओलीत राहिलं की हिरवं पडतं. हॉस्पिटलात विचारलंस का?"

"विचारलं. काही होत नाही म्हणाल्या. कितीतरी वर्षं चालतं. नको झालं तर तेव्हा काढता येतं."

"कितीतरी वर्षं." म्हाताऱ्याने मान हलवली. "म्हणजे माल चांगला आहे. सरकारी असून?" मग उठला, दारापाशी गेला, रिकामी कळशी उचलली.

"अहो, आता कशाला?" आई म्हणाली. "आता मी आणते की."

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "सवय झालीये." आणि शटरखालून वाकून बाहेर गेला.

मोटारीतली ती तांब्याची गुंडाळी आक्का उठल्यावर सापडली. काट्याखाली. पंच म्हणून आक्का तिच्यावरच बसली होती.

क्लचला सोडायला धाकटा टेम्पोपर्यंत गेला. क्लचने चावी लावली, गाडी सुरू केली, आणि तसाच बसून राहिला. इंजिन नुसतं घरघरत होतं.

"बोल आता," धाकटा म्हणाला. "सकाळपासून घशात अडकलंय तुझ्या."

"काही नाही रे." क्लचने आरसा पुसला. "बायकोचं ब्लडप्रेशर. या खेपेला वाचली ती. डॉक्टर म्हणाले, परत पोटुशी राहिली तर सांगता येत नाही. तिच्यावर आता काही ऑपरेशन बिपरेशन नको म्हणाले. मग म्हणाले..." परत घरघर. "म्हणाले, तुम्ही करून घ्या. पुरुषांचं असतं ना, ते. छोटंसं. संध्याकाळी घरी."

"मग?"

"मग काय मग! माझी आई आहे घरी. तुझ्या बापापेक्षा भारी आहे ती. आणि स्टँडवरचे सगळे... माझं नाव आधीच क्लच आहे, नंतर काय ठेवतील?" तो हसायला गेला, पण जमलं नाही. "मघाशी वाटलं, अपेंडिक्स सांगून टाकावं."

"आणि उजवीकडे टाका नाही दिसला म्हणजे?"

"तेच ना."

धाकटा खिडकीला टेकून उभा राहिला. गल्लीच्या टोकाला नळापाशी म्हातारा कळशी धरून उभा होता, बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. नळाला सवयीने चुंबक लावून बघत होता.

"कधी जायचंय?" धाकट्याने विचारलं.

"मंगळवारी बोलावलंय. पण मी अजून..."

"मंगळवारी टेम्पो मी चालवतो. तू शेजारी बस. बाहेर बाकावर मी असेन. तू आलास की तुला घरी नेतो, आणि तुझ्या आईसमोर उभा राहतो. अपेंडिक्स नाही, हर्निया नाही, काही नाही. जे केलंय त्याचं नाव घेऊन सांगतो."

"तू?" क्लचने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू सांगणार? आणि ती ओरडायला लागली तर? चहा टाकायला पळशील!"

"नाही पळणार," धाकटा म्हणाला. "तिने काहीही म्हणू दे. मी दोनच शब्द म्हणणार आहे, मोठ्याने, स्टँडवर ऐकू जातील असे. शब्द देतो तुला."

क्लचने गिअर टाकला. या वेळी पडला.